मधल्या सुट्टीची टोपली

गोळीबार चौक मागे पडला, तरी दोघींपैकी कुणीही त्या कागदाचं नाव काढलं नव्हतं. शनिवारची सकाळची शाळा सुटून बराच वेळ झाला होता. त्र्याहत्तर सालचा मार्च. पावसानं दगा दिलेला, विहिरी आटलेल्या आणि ऊन असं की डांबर चपलेला धरून बसत होतं. अरुंधतीबाईंनी दोनदा रिक्षा थांबवली आणि दोन्ही वेळा गोपिकाबाईंनी ती पुढे धाडली.

"तुम्ही बसा बाई. मी येतो मागून चालत."

"मी एकटी रिक्षात बसले तर बोलणं कसं व्हायचं?"

"मंग चाला. पन तुमची चप्पल फरशीवरची हाय. इंदोऱ्याच्या आमच्या वस्तीपर्यंत टिकन का नाही, सांगता येत नाही."

अरुंधतीबाई मुलींच्या शाळेत मराठी शिकवत. गोपिकाबाई त्याच शाळेत अकरा वर्षांपासून घंटा देत होत्या, वर्ग झाडत होत्या, माठ भरत होत्या. मुलींपैकी कुणाच्या पोटात दुखलं, कुणाचे डोळे आले, सगळं आधी त्यांना कळे. आणि आता अरुंधतीबाईंच्या पिशवीत तो कागद होता. 'मी अन्नाची नासाडी केली. मला क्षमा करावी. यापुढे टोपली रोज घरी नेईन.' मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, तो स्वतः लिहिला होता. खाली गोपिकाबाईंची सही हवी होती. सोमवारी सही दिसली नाही तर घंटा द्यायला दुसरी बाई येणार होती. सही आणण्याचं काम अरुंधतीबाईंवर आलं, कारण टोपली मुळात त्यांचीच.

म्हणजे कल्पना त्यांची. मधल्या सुट्टीनंतर शाळेच्या भिंतीमागे पोळ्यांचे तुकडे पडलेले असत. अन्नाला चुकून पाय लागला तरी हात जोडणाऱ्या अरुंधतीबाई. दुष्काळात ते पाहून त्यांना रात्री घास गोड लागेना. त्यांनी घरून बांबूची टोपली आणली, वर धुतलेलं पांढरं फडकं घातलं आणि व्हरांड्यात ठेवली. डब्यातलं उरलंसुरलं मुलींनी त्यात टाकायचं आणि शाळा सुटताना गोपिकाबाईंनी ते आपल्या वस्तीत न्यायचं. प्रार्थनेच्या वेळी मोठ्या बाईंनी कौतुक केलं. तपासणीला आलेले साहेबही मान डोलावून गेले. गोपिकाबाईंना मात्र कुणी विचारलं नाही. विचारायचं असतं, हेच कुणाच्या मनात आलं नाही.

महिनाभर टोपली रोज रिकामी होऊन येई. मग एका सकाळी कुत्र्यांनी संडासामागची माती उकरली आणि नत्थूजी शिपाई ओरडत ऑफिसात आले. खड्डाभर पोळ्या निघाल्या होत्या.

रेल्वे फाटक बंद होतं. फाटकाच्या सावलीत भाजीवाली मीराबाई बसली होती. तिनं दोघींना पाहून हाक मारली, "काय वं गोपिका, आज शायाच घरी घेऊन चालली का?"

"शाया नाही वं, मास्तरीन हाय. जास्त वजन नाही तिचं."

अरुंधतीबाई हसल्या. हसता हसताच त्यांना जे दोन तास विचारायचं होतं ते तोंडातून निघून गेलं. "का पुरलंत, गोपिकाबाई? नको होतं तर सांगायचं होतं मला."

"सांगाचं कसं? तुम्ही टोपली अशी हातात देली, जसा देवाचा परसाद. तुमच्या तोंडाकडं पाहून मले बोलताच नाही आलं."

मालगाडी धडधडत आली, ती सरेना. तिच्या आवाजावर आवाज चढवून गोपिकाबाईंनी सांगितलं. कामठीकडच्या एका खेड्यात त्यांची आई रोज दिवेलागणीला दारोदार उभी राही आणि लोकांच्या ताटातलं उरलेलं झोळीत पडे. छप्पन साली दीक्षा घेऊन आल्यावर बापानं ती झोळी अंगणात जाळली. त्या रात्री घरात खायला काही नव्हतं. उपाशीच निजले सगळे. पण त्या दिवसापासून दुसऱ्याचं उष्टं त्या घरात आलं नाही.

"आलं," त्या स्वतःलाच दुरुस्त करत म्हणाल्या. "एक डाव आलं. मीच आनलं."

पोरगी सुजाता मुदतीच्या तापातून नुकती उठली होती. नवरा लहानू मिलमधून खोकला घेऊन घरी बसलेला. रेशनच्या लाल मिलोची, त्या परदेशी ज्वारीची भाकर पोरीच्या घशाखाली उतरेना. पहिल्याच दिवशी टोपलीत एक साखर-तुपाची गुंडाळलेली पोळी दिसली, अख्खी वाटली. पदराखाली घातली.

"तिनं उलगडून पाह्यली. म्हने, माय, याले दात लागले हाय. लहान दात होते बाई, तिच्याच वारगीच्या, तिच्यायेवढ्या पोरीचे."

"मग टाकली तिनं?"

"खाल्ली. मीच म्हनलं, खाय. भूक होती ना." गोपिकाबाई रुळांकडे पाहत होत्या. "भिंतीकडं तोंड करून खाल्ली. दुसऱ्या दिवशी मी गड्डा खोदला."

गाडी गेली. फाटक उघडलं. सायकली, टांगे सगळे एकदम घुसले. या दोघी कडेला उभ्याच राहिल्या.

"अन्न फेकू नये, हे मलेही समजते बाई. पन पोरी टाकतात काहून, हे कधी पाह्यलं? माय दटावून तीन पोया भरते, पोरगी दोन खाते. दोनच भरा म्हना. नाही तं डबा उघडल्याबरोबर, तोंड लावाच्या आंधी, जिच्यापाशी नाही तिले द्या म्हना. शायेतच हाय तशा पोरी, मी दाखवतो. दात लागल्यावरच वस्ती काहून आठवते?"

अरुंधतीबाईंना सुचली ती पळवाट. "सही करून टाका. टोपली मी नेईन गायींना. कुणाला कळणार नाही."

"कागदावर तं माहं नाव राहीन. जूनमध्ये सुजाताले तुमच्याच शायेत टाकाची हाय. उद्या तिले कोनी दाखवलं तं?"

गोपिकाबाईंनी कागद मागून घेतला. रात्रीच्या वर्गात अक्षरं शिकलेल्या त्या. बोट ठेवून हळूहळू वाचत गेल्या. नोकरी गेली तर घरात दुसरी कमाई नव्हती, हे दोघींनाही माहीत होतं. मोठ्या बाईंसमोर कधी उलट शब्द बोलल्या नव्हत्या अरुंधतीबाई, हेही दोघींना माहीत होतं. गोपिकाबाईंनी कागद उलटा केला, कोरी बाजू वर घेऊन मीराबाईच्या भाजीच्या पालथ्या पाटीवर ठेवला आणि अरुंधतीबाईंकडे सरकवला.

"बाई, तुमचं अक्षर चांगलं हाय. इथं लिवा, 'गोपिका मेश्राम उष्टं घरी नेनार नाही.' येवढंच. सही मी करतो. आन् सोमवारी मोठ्या बाईपुढं ते तुम्हीच वाचून दाखवा."