चतुर बाहेर येईपर्यंत गप्प

आधी आली ग्लोरियाताई. वसईची आहे, इथे आखातात आमच्या अल खौदमध्येच राहते, आणि तिच्या कॅमेऱ्याची लेन्स म्हणजे दुधीभोपळाच! तिला चतुरांचे फोटो काढायचा नाद. चतुर म्हणजे तोच हो, लहानपणी आम्ही ज्याच्या शेपटीला दोरा बांधायचो. तिची बेल वाजली तशी माझी नात आर्या टुणकन उठली... शाळेसाठी दहा हाका लागतात.

परवा शनिवारी उजाडताना तिघी वादीत उतरलो. नदीच ती, पण पाणी डबक्यापुरतं. वारा नाही, पाखरू नाही... आणि बोरूच्या काड्यांवर ओळीने किडे. टपोरे डोळे, पाय घट्ट रोवलेले, पाठी फाटलेल्या. आत कोणीच नाही! तरी बघतात आपल्याकडेच.

"आज्जी, चतुर गेला. हा त्याचा जुना ड्रेस," आर्या म्हणाली.

माझे हात कुठे स्वस्थ बसतात? भाजी खुडावी तशी एक काडी खुडली. "घे गं ताई, एक घरी ने."

ग्लोरियाताई पांढरीफटक. "आई, हलू नका! हा जिवंत आहे!"

तीन हिवाळे ती हा जन्म बघायला येतेय, नि मी काडीच मोडली. पाण्यात पडला तर खलास... म्हणून तशीच धरून उभी राहिले.

पाठ उकलली. पांढुरकं काहीतरी बाहेर आलं आणि उलटं लोंबकळलं. हालचाल नाही. भोवती त्या रिकाम्या डोळ्यांची ओळ... मारला की काय मी याला?

माझी आजी सुईण होती. अडलेल्या बाईजवळ बडबडणाऱ्यांना हाकलून द्यायची. ते आठवलं, तोंड मिटलं. "आज्जी, स्टॅच्यू," आर्या कुजबुजली. मी तासभर गप्प! सुनेला अजून खरं वाटत नाही.

मग एकदम तो वर उसळला, सालीला धरून बसला. पंख सुटले... ओले, काचेसारखे. ग्लोरियाताई फोटो काढत होती नि डोळे पुसत होती. कुठला चतुर विचारलं, तर म्हणे, "आत्ता सगळे असेच फिके. रंग चढला की नाव कळेल."

उडाला, तेव्हा माझा हात बधिर. साल मात्र काडीला घट्ट... घरी आणून खिडकीत ठेवलीय. भांडी घासताना वाटतं, मागून कोणीतरी बघतंय. बघू दे बापडं, बाळंतपण मीच केलंय त्याचं.

रंग चढलेला तो वादीत दिसतो का ते बघायला ग्लोरियाताई येत्या शुक्रवारी उजाडताना परत येते म्हणालीय.