डी ड्राइव्ह आणि मोठे जावई

आमच्या माहेरी एक नियम होता. मोठे जावई बोलत असले की मधे कुणी बोलायचं नाही. ताईचं लग्न झालं त्या वर्षी वडिलांनी तो घातला. वडील नागपूरहून सरकारी ऑफिसांबरोबर भोपाळला आलेले साधे कारकून, आणि जावई मिळाला इंजिनिअर. त्या कौतुकात बिचाऱ्यांनी नियम केला आणि पुढे स्वतः देवाघरी गेले. नियम मात्र इथेच राहिला, आणि भाऊजीही.

भाऊजी भोपाळजवळच्या मंडीदीपला एका कारखान्यात मेंटेनन्सला होते. कारखान्याने त्यांना रिटायर केलं, पण त्यांनी मेंटेनन्स सोडलं नाही. आमचा गीझर त्यांनी दुरुस्त केला, तेव्हापासून आम्ही गॅसवर पाणी तापवतो. मिक्सर उघडला, त्याचे चार-दोन स्क्रू उरले, तर म्हणाले, "कंपनीवाले जास्तीचे देतात." मी ते स्क्रू डबीत ठेवले आणि नवा मिक्सर आणला. अशा माणसाला हात जोडून सांगावं की बाबा, तू नुसता जेव आणि जा. पण मोठे जावई. ताई बाजूला बसून मान डोलावत असते, आणि मी चहा टाकायला उठते. सगळा जन्म असाच गेला आमचा.

आमचे हे अगदी उलट. पुण्याहून सरकारी कारखान्यात नोकरीला आले आणि भोपाळचेच झाले. बोलणं कमी, पण आवाज असा की मराठी मंडळाच्या कार्यक्रमाचं निवेदन ह्यांच्याशिवाय होत नसे. खर्जातला, सावकाश, समोरच्याला पुरेल एवढाच. मी लग्नाला होकार दिला तो त्या आवाजाला. नोकरी, पगार, उंची, ते सगळं वडिलांनी पाहिलं.

मग ह्यांच्या घशात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, स्वरयंत्र काढावं लागेल. जीव वाचेल, आवाज जाईल. मी रडले. ह्यांनी लॅपटॉप उघडला आणि ऑपरेशनच्या आधीचे सगळे दिवस पुढच्या खोलीत दार लावून बसले. मला वाटलं, कविता वगैरे वाचून ठेवत असतील. कान लावला तर आतून ऐकू आलं, "अगं, माझा चष्मा पाहिलास का?" मग, "दुधाचं पातेलं काढ, उतू जाईल." मग, "आज भाजी छान झालीय हं." रोज लागतात तीच वाक्यं भरून ठेवत होते. मी दारातून म्हटलं, काय हा वेडेपणा. तर माझं तेही त्यात भरलं गेलं.

ऑपरेशननंतर त्या वेडेपणावरच आमचा संसार चालला. हे पुढच्या खोलीत बसायचे, लॅपटॉपवर एक बटण दाबायचे, आणि स्वयंपाकघरात मला हाक यायची, "अगं, चहा टाकतेस का?" बाहेरच्या माणसांसाठी पाटी होती, पांढरी, पुसता येणारी. घरात आवाजच होता. कधी मी उगीच मुद्दाम उत्तर द्यायची नाही, म्हणजे हे परत बटण दाबतील. हो, बुढापे में इश्कबाजी. कुणाला काय करायचंय?

पण लॅपटॉप म्हातारा झाला. आतली डिस्क इतकी सुस्त की बटण दाबलं की गोल चक्र फिरत बसायचं. "दुधाचं पातेलं काढ" अशी सूचना यायची तेव्हा मी ओटा पुसत असायची. जवाहर चौकातल्या दुकानदाराने सांगितलं, नवी एसएसडी, म्हणजे वेगवान डिस्क, टाका, मशीन पळायला लागेल. सिस्टिम नव्याने भरावी लागेल, आणि त्याआधी आपला सगळा डेटा बाहेर कॉपी करून ठेवा. "यहीं छोड़ जाइए, शाम को ले जाना," म्हणाला. आणि आम्ही सोडून येणारच होतो. तेवढ्यात ताईचा फोन आला, मी बोलता बोलता सांगून बसले, आणि पलीकडून भाऊजींनी फोन हातात घेतला.

"दुकानात द्यायचा? घरात इंजिनिअर असताना?"

रविवारी सकाळी जोडी हजर. मी पोहे केले. भाऊजींनी जेवणाच्या टेबलावर चादर अंथरली, पेचकस मांडले, आणि लॅपटॉप उलटा करून त्याचं पोट उघडलं. तोंडाने प्रवचन सुरू. दुकानदार कसे लुटतात. आजकालच्या पोरांना काही येत नाही. आपल्या काळात मशीन हाताने ओळखायचो. उचलली जीभ लावली टाळ्याला.

ह्यांनी पाटीवर लिहिलं, "आधी रेकॉर्डिंग कॉपी करू." भाऊजींची एक घाणेरडी सवय आहे. ह्यांची पाटी ते मोठ्याने वाचून दाखवतात, सगळ्या खोलीला, जणू आम्ही अंगठाबहाद्दर आहोत. तशी ती वाचली आणि हसले.

"कुठे ठेवलीत? डी ड्राइव्हला ना? मग झालं. उडतो तो सी. डीला कुणी हात लावत नाही. डी असताना कॉपी करणं म्हणजे बँकेत पैसे ठेवून वर गादीखालीही ठेवणं."

ह्या डी ड्राइव्हवर आमच्या पिढीची श्रद्धा आहे. ज्याने कुणी पहिल्यांदा आम्हाला कॉम्प्युटर शिकवला त्याने हा मंत्र दिला: सिस्टिम सी मध्ये, आपलं सगळं डी मध्ये, सी फॉरमॅट झाला तरी डी सुरक्षित. फोटो डीला, जावयाची पत्रिका डीला, इन्कम टॅक्स डीला. देव्हाऱ्यात ठेवल्यासारखं. सी आणि डी हे एकाच डिस्कचे दोन कप्पे असतात, एकाच कपाटाचे, हे कुणाच्या डोक्यात येत नाही. आमच्या ह्यांच्या आलं होतं. पण बोलणार कसं?

भाऊजींनी नवी डिस्क जुन्या डिस्कच्या जागी बसवली. जुनी काढून बाजूला ठेवली असती तरी मी आज त्यांना देव मानलं असतं. पण नाही. सीडी टाकायच्या जागी एक चौकट बसवून जुनी डिस्क तिच्यात घातली. "म्हणजे तुमचा डी जसाच्या तसा आत राहील." मग पेनड्राइव्ह लावला आणि सिस्टिम भरायला घेतली.

स्क्रीनवर प्रश्न आला, सिस्टिम कुठे टाकू. खाली यादी होती. त्या यादीत ना सी होता, ना डी. नुसते नंबर आणि आकार. मंत्र तिथे संपला. शहाण्या माणसाने हात मागे घेतला असता. भाऊजी म्हणाले, "पहिली असेल ती नवी, आपण आत्ताच बसवलीय."

हे उठून उभे राहिले. मी ओट्यापाशी होते, मला दिसलं. ह्यांनी टेबलावर बोटांनी टकटक केली. भाऊजी बोलत होते, मंडीदीपला एकदा जपानी मशीन आली होती, तिची गोष्ट. ह्यांनी परत टकटक केली, जोरात. भाऊजींनी स्क्रीनवरची नजर न काढता डावा हात वर केला, थांबा, असा. हे पाटी ओढून लिहायला लागले. पेन सुकलेलं. झटकलं, परत लिहिलं. मी चहाचा ट्रे घेऊन उभी. मला काहीतरी चुकतंय हे कळत होतं, आणि माझ्या तोंडून शब्द फुटला नाही, कारण मोठे जावई बोलत होते. वडील असते तर त्या दिवशी मी त्यांच्याशी भांडले असते.

ह्यांनी पाटी भाऊजींच्या डोळ्यांसमोर धरली. भाऊजींनी एंटर दाबलं आणि मग वाचलं, मोठ्याने, खोलीला ऐकू जाईल असं:

"थांबा. ती जुनी आहे."

स्क्रीनवर पट्टी हिरवी होत गेली. हे खाली बसले आणि त्यांनी पाटी पुसली.

मग भाऊजी परत बोलायला लागले. गप्प बसणं त्यांना शिकवलेलंच नाही. जुन्या मशीनमध्ये गडबड होतीच. यादी उलटी दाखवणं ही कंपनीची चूक. आणि आजकाल मोबाइल मराठीत बोलतो, काहीही लिहा, बाई वाचून दाखवते, अगदी शुद्ध. "रेकॉर्डिंगचं इतकं काय घेऊन बसलात?" ताई म्हणाली, "त्यांनी चांगल्यासाठीच केलं गं." मी म्हटलं, पोहे गार होतायत. एवढंच म्हटलं. आजही त्याची मला चीड येते.

जुनी डिस्क घेऊन आम्ही जवाहर चौकात गेलो. दुकानदाराने ती ठेवून घेतली, आणि परत बोलावलं तेव्हा आधी आम्हाला स्टूल दिलं. तेव्हाच मी समजले. "मैडम, इसके ऊपर नया लिख गया है. नाम दिख रहे हैं, खुल नहीं रहा." नावं दिसत होती खरी. ह्यांनीच दिलेली. चष्मा. दूध. भाजी छान. एकेकावर बटण दाबून पाहिलं, एकही बोललं नाही. शेवटी एक फाइल उघडली, ह्यांच्या रिटायरमेंटच्या दिवशी घरी केलेला व्हिडिओ. आम्ही ती तेवढी मोबाइलमध्ये घेतली आणि बघायचं धाडस न करता घरी आलो.

लॅपटॉप आता पळतो. बटण दाबायच्या आत उघडतो. उघडून करायचं काय? घरात चहाची वेळ झाली की हे येऊन दारात उभे राहतात आणि मी मान वर करीपर्यंत थांबतात. लोकांना वाटतं, आजाराने माणूस गप्प झाला. आजाराने नाही झाला. मला विचारा कशाने झाला ते.

दिवाळीच्या पाडव्याला भाऊजी आणि ताई फराळाला आले. चकली तोंडात असतानाच भाऊजींनी आमच्या इन्व्हर्टरकडे बोट दाखवून सुरुवात केली. पाणी कोण घालतं यात, असं चालत नाही, आमच्या प्लँटला एकदा... तेवढ्यात मी मोबाइल काढला आणि ताटांमध्ये ठेवला. व्हिडिओ मी एकटीने पाहून ठेवला होता, पण काय करणार हे कुणाला सांगितलं नव्हतं, ह्यांनाही नाही.

व्हिडिओत आमचीच खोली. ह्यांच्या गळ्यात हार, हातात नारळ. कुणीतरी म्हणतं, दोन शब्द बोला. हे घसा खाकरतात. मग तो आवाज, खर्जातला, सावकाश: "बोलू का मग?"

आणि लगेच दुसरा आवाज, खणखणीत: "बोला की, पण त्याआधी मी एक सांगतो." पुढे सगळे भाऊजीच. मंडीदीप, जपानी मशीन, मेंटेनन्सचं महत्त्व. हे हार घालून शेजारी उभे, हसतमुख. व्हिडिओ संपतो तरी भाऊजी संपत नाहीत.

मी सगळं शेवटपर्यंत चालू दिलं. ताई मांडीवरच्या पदराची घडी घालत बसली. भाऊजी ताटाकडे बघत होते. पहिल्यांदाच आमच्या घरात मोठे जावई हजर असून खोलीत शांतता होती.

ह्यांनी पाटी घेतली. लिहायला त्यांनी बराच वेळ लावला. लिहून झाल्यावर पाटी भाऊजींकडे वळवली. भाऊजींनी सवयीने मोठ्याने वाचायला सुरुवात केली.

"तुमचा आवाज मात्र स्वच्छ," ते म्हणाले, आणि पुढचे दोन शब्द, "टिकून राहिला", त्यांनी मनात वाचले.