शेजाऱ्यांची वाइन शेजाऱ्यांनाच

शेजाऱ्यांना त्यांचीच वाइन भेट देणारा माणूस केंब्रिजमध्ये बहुधा मी एकटाच असेन.

आमच्या बेसमेंटमध्ये ‘द्यायच्या वस्तूं’चं एक कपाट आहे. बहुतेक मराठी घरांत असतंच. आलेली भेट तिथे जाते आणि योग्य पाहुणा आला की बाहेर पडते. कुणाकडून काय आलं, हे बायकोच्या डोक्यात पक्कं असतं. त्या संध्याकाळी ती स्वयंपाकघरात होती आणि कपाटाशी मी होतो, एवढाच काय तो घोटाळा.

पाहुणे म्हणजे पलीकडच्या घरातले इटालियन आजोबा. त्या हिवाळ्यात माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. बायको आणि मुलगी बर्फ शोव्हल करायला बूट चढवून बाहेर पडायच्या, तर आजोबांनी ड्राइव्हवे आधीच लख्ख केलेला! आभार मानायला जावं तर हात झटकून “नो, नो, नथिंग!” लाडू नेले तर म्हणे शुगर आहे. गिफ्ट कार्ड दिलं, ते दुसऱ्या दिवशी आमच्याच मेलबॉक्समध्ये. शेवटी बर्फ ओसरायला लागल्यावर जेवायला यायला मात्र ते कसेबसे तयार झाले.

“अहो, आज तरी त्यांना आपल्याकडून काहीतरी घेऊ दे,” बायको सकाळपासून घोकत होती. “आणि भेट जेवणानंतर द्या.”

मला कुठला धीर! दारातच मी चकचकीत पिशवी त्यांच्या हातात ठेवली. त्यांनी बाटली बाहेर काढली, चष्मा कपाळावर सरकवला आणि लेबल निवांत वाचलं.

“ही तर माझ्या गावाजवळची,” ते त्यांच्या इटालियन वळणाच्या इंग्रजीत म्हणाले. “इथल्या दुकानात मिळत नाही. माझा पुतण्या आणतो.”

मागून मुलगी कुजबुजली, “बाबा, ही गेव्ह अस दॅट. फॉर ख्रिसमस!”

कुजबुज कसली, रस्त्यापर्यंत ऐकू गेली असेल. बायको कालथा घेऊन बाहेर आली. आजोबांच्या पायात अजून बूट होते. मला वाटलं, संपलं. आता हे बाटली घेऊन आल्या पावली परत जाणार.

“उघडली का नाही?” त्यांनी विचारलं.

“कशाबरोबर प्यायची, ते कळत नव्हतं,” मी म्हणालो. हे अगदी खरं होतं. त्या कपाटातल्या निम्म्या वस्तू अशाच अज्ञानामुळे तिथे आहेत.

त्यांनी नाक वर करून वास घेतला. “मासे?”

“सुरमई,” बायको म्हणाली.

“मग हिच्याबरोबरच!” असं म्हणून ते बूट काढायला खाली वाकले.

बाटली डेकवरच्या उरल्यासुरल्या बर्फात खुपसून गार केली. वाइनचं नाव व्हेर्दिक्यो. द्राक्षांचा हिरवेपणा त्या नावातच आहे, म्हणाले. इटलीच्या पूर्व किनाऱ्यावर मार्के नावाचा प्रांत आहे. तिथे समुद्राकडून जरा आत गेलं की टेकड्या लागतात आणि टेकड्यांवर हे मळे. रंग फिका, किंचित हिरवट. चव आधी लिंबासारखी तरतरीत आणि घोट गिळल्यावर मागे कडू बदामाची पुसटशी चव. मला ती सापडली, असं मी जोरजोरात मान डोलवून दाखवलं. खरं तर ती तिसऱ्या घोटाला सापडली.

बायको मालवणची. तिने नारळ घालून, कोकमं टाकून सुरमईचं कालवण केलं होतं. आजोबांनी पहिला घास घेतला आणि ते थांबले. तिखट लागलं की काय म्हणून मी पाण्याचा ग्लास पुढे केला, तर तो त्यांनी बाजूला सारला. त्यांच्याकडे आन्कोनाच्या बंदरावर कोळी माशांचा रस्सा करतात, त्यात व्हिनेगर घालतात, म्हणाले. तिथे व्हिनेगर, इथे कोकम, आंबटपणा हवाच. त्यावर ही वाइन. बायकोने लगेच कोकमाचं पाकीट आणून दाखवलं. मग दोन्ही किनाऱ्यांवरच्या माशांची नावं जुळवत दोघं बसली. मी घाटावरचा, ताटात बघून जेवत राहिलो. इतकं समाधानाने गप्प बसायला मला क्वचितच मिळतं.

ते गेल्यावर मी भांडी विसळत बायकोच्या बोलण्याची वाट पाहत होतो. बाटलीवरून आज आपली खैर नाही, हे धरून चाललो होतो.

ती ओटा पुसता पुसता थांबली. “अहो,” ती म्हणाली, “लक्षात आलं का तुमच्या? शेवटचा भात त्यांनी स्वतःहून मागून घेतला.”