हलकं अन् गरम

वजन म्हणजेच ऊब, याबद्दल आमच्या घरात कुणाला शंका नव्हती. पौषात सानगडीच्या तलावावरून असा गार वारा सुटायचा की दात वाजायचे, आणि मग माय माझ्या अंगावर वाकळी चढवत जायची. जुन्या लुगड्यांचे थर शिवून केलेली एक वाकळ, तिच्यावर दुसरी, तरी समाधान झालं नाही तर तिसरी. त्या ढिगाखाली कूस बदलायची तर आधी मनाची तयारी करावी लागे. मी तर जन्माची वळवळी. लाथा झाडून सगळं बाजूला लोटायची, आणि सकाळी पाहावं तर वाकळी पुन्हा अंगावर.

"पायाले भिंगरी बांधूनच आली हे पोरगी," माय येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. खरंच होतं ते. मी घरात टिकतच नसे. हिवाळ्यात मायची बोटं आखडायची, ऊन वर येईपर्यंत धड मिटायची नाहीत, आणि सुई ओवायला ती मला हाका मारत बसायची. मी तेव्हा तलावाच्या पाळीवर, त्या उंच बांधावर तरी असायची, नाहीतर कुणाच्या तरी धानाच्या बांधीत.

सत्तरच्या दशकाच्या शेवटाची गोष्ट. मी भंडाऱ्याला कॉलेजात शिकत होते. धावण्यात बरी होते म्हणून खेळाच्या बाईंनी हिमाचलातल्या एका वर्गासाठी माझं नाव पाठवलं. भर हिवाळ्यात बर्फावर चालायला, चढायला तिथं शिकवत. मी तोवर बर्फ पाहिला होता तो फक्त लाकडाच्या भुशात गुंडाळलेला. नाव पक्कं झाल्याचं कळलं त्या दिवसापासून माझं जेवणात लक्ष लागेना. बाकीचं सामान तिथं मिळणार होतं, पण थंडीत झोपायची पिशवी, स्लीपिंग बॅग, ज्याची त्यानं आणायची होती आणि स्वतःच्याच पाठीवर वाहायची होती.

बाबांना विचारलं तर त्यांनी नेहमीप्रमाणे अंग काढून घेतलं. "तुया मायले विचार."

मायनं धान पाखडता पाखडता ऐकलं आणि सूप खाली ठेवलं. "तथी गारठून मरशीन त कोण आणून देईन मले? जे पांघराले नेशीन ते पहिले मी पाहीन. माह्या अंगाले गरम लागलं त जाजो. नाही त नाही."

म्हणजे माझं हिमाचल एका पिशवीवर येऊन ठेपलं होतं.

बाईंबरोबर नागपूरला गेले. जुना मिलिटरी माल विकणाऱ्या एका दुकानात दोनच पिशव्या निघाल्या. एक हिरवी, जाड कॅनव्हासची, आत कापूस ठासलेला. दुसरी निळी, पातळ, कुणा परदेशी प्रवाशानं जाताना विकून टाकलेली. दुकानदार म्हणाला, "आडवं होऊन पाहा." भर दुकानात फरशीवर आडवी होणार कोण? मी उभ्याउभ्याच हिरवी पिशवी खांद्यापर्यंत ओढली आणि पोत्याच्या शर्यतीसारख्या दोन उड्या मारल्या. दुकानदार हसत सुटला, मला मात्र घाम फुटला. गरम होती खरी, पण आत गुडघासुद्धा वळेना, आणि गुंडाळी करून खांद्यावर घेतली तर चालताना मी एका बाजूला कलायला लागले. मायला हीच आवडली असती. डोळे मिटून पास केली असती तिनं.

निळी मात्र हातात घेतली आणि वाटलं, हिच्यात काहीच नाही. मुठीत दाबली की हवेसारखी दबायची, सोडली की हळूहळू फुगून वर यायची. त्या फुगण्याकडे मी बघतच राहिले. आत हात घातला तर जरा वेळानं तळव्याला ऊब लागायला लागली, आणि ती ऊब तळव्याचीच होती, पिशवी फक्त ती बाहेर जाऊ देत नव्हती. "बदकाची पिसं," दुकानदार म्हणाला. आणि धान मोजायच्या पायलीत मावेल एवढी घडी. बाईंनी विचारलं, "नक्की हीच?" मी आधीच घडी घालायला घेतली होती.

घरी मायनं ती एका हातावर तोलली, मग दुसऱ्या हातावर. "अवं, हे त फुकलं का उडून जाईन. याच्यात हाय काय?"

"गरम असते, माय. घालून त पाह्य."

आत काय आहे ते मी सांगितलं नाही. आमच्या घरात अंडंसुद्धा उंबरठा ओलांडत नसे, मग पिसांचं नाव कशाला काढायचं? माय म्हणाली, "चुरणं झालं का पाहीन." खळ्यावर धान पडलं होतं, बैल फिरत होते, तिला मान वर करायला फुरसत नव्हती. ती रोज उद्यावर ढकलायची आणि मी अंगणातून तलावाच्या पाळीवर, पाळीवरून अंगणात अशा खेपा घालायची. जायचा दिवस तर जवळ येत चालला होता. मला धड बसवेना, धड रडवेना. रागानं मी पिशवी अंगणातल्या दोरीवर ऊन द्यायला टांगली, आणि तिथंच घोळ झाला. काट्यांच्या कुंपणाला अडकून तिच्या पायाकडच्या बाजूला भोक पडलं. मला पत्ताच नाही.

दुपारी पाळीकडची काकू तरातरा आली. ती बदकं पाळायची, आणि त्यांतलं एक आदल्या दिवसापासून सापडत नव्हतं. आमच्या अंगणभर पांढरी बारीक पिसं उडत होती.

"काहून व बाई, माहं बदक कापून खाल्लं का तुमी?"

माय भडकली. "आमच्या घरी? आमच्या चुलीवर बदक?" तेवढ्यात वारा आला, दोरीवरची पिशवी हलली, आणि दोघींच्या देखत तिच्यातून आणखी एक पीस निघून तरंगत तरंगत मायच्या डोक्यावर बसलं.

काकूनं पिशवी चाचपली. तिचे डोळे विस्फारले. "अवं माय व! किती बदकं घातली याच्यात!"

काकूचं बदक संध्याकाळी पाळीजवळच्या बेशरमीच्या झुडपातून डुलत डुलत बाहेर आलं. पण आमच्या घरी व्हायचं ते झालंच होतं. मायनं पिशवीला हात लावला नाही. काठीनं उचलायला लावून ती गोठ्यात टांगली आणि मला म्हणाली, "पाखराच्या मढ्यात झोपशीन? वाकळ घेऊन जाय. नाही त जाऊच नोको."

मी पण हट्टाला पेटले. म्हटलं, बांध पाठीवर. तिनं खरंच दोन वाकळी गुंडाळून दोरीनं माझ्या पाठीला आवळल्या. मी धानाच्या तणसाच्या ढिगावर चढायला गेले, अर्ध्यावर तोल गेला आणि मी उताणी पडले. पाय वर, हात वर, उठता येईना. बाबा हसले. माय हसली नाही. दोरी सोडवताना मला रडू फुटलं, आणि ते पडल्याचं नव्हतं. मी म्हणाले, "मी गेलीच नाही पाहिजे असं वाटते तुले, पिसाचं नाव कायले सांगतेस?" माय वाकळी घेऊन आत गेली.

जायच्या दिवशी उजाडायच्या सुमारास मी पिशवी घ्यायला गोठ्यात गेले. मायनं हो म्हटलं नव्हतं. तिला न विचारता निघायचं का, हे अजून ठरत नव्हतं. पाय मात्र चालत होते.

गोठ्यात माय तणसावर बसली होती. मांडीवर निळी पिशवी. तिनं भोकावर लुगड्याचा तुकडा लावून बारीक टाक्यांनी शिवला होता. मला पाहून ती दचकली.

"गाईच्या चाऱ्यात पिसं पडून राहिले होते," ती घाईघाईनं म्हणाली, "म्हून शिवलं."

सुई टोपलीत ठेवलेली होती, दोरा तोडलेला होता. पण शिवताना आतून कापड धरायला घातलेला तिचा डावा हात अजून आतच होता, कोपराच्याही वर. एरवी या वेळी तिची बोटं लाकडासारखी असायची, शेणपाण्याची बादली उचलताना ती तोंड वाकडं करायची. आता कापडाखाली ती बोटं मिटत होती, उघडत होती. मी ते बघत उभी राहिले.

"दे, माय. बस येईन."

"थांब व जराशी."

स्टँडवरून साकोलीच्या बसचा हॉर्न ऐकू आला. ही बस चुकली की पुढचं सगळंच चुकण्याची भीती होती. बाबा बाहेरून हाका मारत होते. मी दाराकडे पाहिलं, मायकडे पाहिलं, आणि तिच्याशेजारी तणसावर बसले. पुन्हा हॉर्न वाजला, मग गाडीचा आवाज साकोलीच्या रस्त्यानं दूर गेला.

"गेली ना?" मायनं विचारलं.

"दुसरी आहे," मी म्हणाले. ती कधी येते ते मला ठाऊक नव्हतं.

मायनं हात बाहेर काढला, तळवा गालाला लावून पाहिला. मग उजवा हात आत घातला, पार खांद्यापर्यंत.

"याले बी पाहू दे," ती म्हणाली, "मंग जाय."