मनुकांचं पाणी

माणसाचं पतन एका क्षणात होतं, असं जाड ग्रंथांतून लिहिलेलं असतं. माझ्या पतनाला शनिवार ते बुधवार एवढा वेळ लागला, कारण पास्टरांच्या गाडीचा क्लच गेला होता.

पैठण रोडनं चितेगाव ओलांडून आत वळलं की शेतात एक लांबलचक पत्र्याची शेड लागायची. पूर्वी तिथं कोंबड्या होत्या. मी गेलो तेव्हा आम्ही बारा पिणारे होतो. एका लहानशा ख्रिस्ती संस्थेनं चालवलेलं ते व्यसनमुक्ती केंद्र. मी शहरातल्या एका कॉलेजात ग्रंथपाल. बायको आणि थोरला भाऊ मला मध्ये बसवून रिक्षानं घेऊन गेले. प्रवेशाच्या फॉर्मवर सही करायची होती, पण हाताला पेन धरवेना, म्हणून अंगठा घेतला. आयुष्यभर लोकांच्या सह्या घेऊन पुस्तकं देणाऱ्या माणसाचा अंगठा. केंद्र चालवणारे ब्रदर म्हणाले, "असू द्या, माझाही अंगठाच लागला होता." ते स्वतः चौदा वर्षं प्यायलेले होते.

मुक्काम एकशे ऐंशी दिवसांचा. प्रार्थनेच्या खोलीत एक काळा फळा होता. त्यावर बारा नावं, आणि प्रत्येकासमोर न पिता काढलेले दिवस. रोज सकाळी ब्रदर प्रत्येकाचा आकडा एकानं वाढवत. कुणी एक घोट घेतला तर आकडा पुसून शून्य. एकशे ऐंशीला समारंभ, हार, प्रमाणपत्र.

नव्या माणसाला एक जुना जोडीदार मिळायचा. माझा जोडीदार दौलताबादच्या पलीकडच्या एका वस्तीवरचा धनगर होता. पूर्वी मेंढरं, मग मेंढरं विकून मजुरी, मग मजुरीची दारू. पहिले दहा दिवस माझ्या तोंडाला पाण्याचा पेला त्यानं लावला. दात पेल्यावर वाजायचे. तो म्हणायचा, "हळू मास्तर, पेला आपला नाय, संस्थेचा हाय."

"मी मास्तर नाही. ग्रंथपाल आहे."

"म्हंजी?"

"पुस्तकं सांभाळतो."

"मंग मास्तरच की. आम्ही मेंढरं सांभाळायचो. तुमची पळत नाईत, एवढाच फरक."

त्याची बायको मुलीला घेऊन भावाकडं निघून गेली होती. मेहुण्यानं अट घातली होती: एकशे ऐंशी दिवसांचा कागद आण आणि बायकोला घेऊन जा. कागदाशिवाय दारात उभं राहायचं नाही. त्यामुळं फळ्यावरच्या आकड्यांत इतरांना पुण्य वगैरे दिसत असेल, त्याला एक दार दिसत होतं. रोज सकाळी तो फळ्यासमोर उभा राहून आपला आकडा वाचायचा. वाचता येणाऱ्या फार थोड्या गोष्टींपैकी ती एक होती.

महिन्यातून एका रविवारी शहरातून पास्टर, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, येत आणि येशूच्या शेवटच्या जेवणाची आठवण म्हणून प्रभुभोजन देत. भाकरीचा तुकडा आणि द्राक्षारस. भाकरीच्या जागी आमची चपाती, आणि द्राक्षारसाच्या जागी मनुकांचं पाणी, कारण दारुड्यांच्या केंद्रात द्राक्षारस आणणं म्हणजे काय ते कुणालाही कळेल. कुणावर सक्ती नव्हती. माझ्या जोडीदारानं तिसऱ्या महिन्यात आपणहून विचारलं, मला बी मिळंल का. मी त्याला म्हटलं, तुमच्या बिरोबाला चालेल का? "बिरोबाला इचारून घेतलंय," तो म्हणाला. "सहा महिन्याची परवानगी काढलीय." मीही घ्यायचो. विश्वासानं नव्हे. सगळे रांगेत असताना एकट्यानं बसून राहण्यात एक प्रकारचा थाट असतो, आणि तेव्हा माझ्याकडं थाटाला जागा नव्हती.

स्वयंपाकघर आम्हा दोघांकडं होतं. चपात्या तो लाटायचा, मनुकांचं पाणी मी करायचो. शिकलेला माणूस, मोजून करील, असं ब्रदरना वाटलं. शनिवारी संध्याकाळी काळ्या मनुका भिजत घालायच्या, रविवारी सकाळी चुरगाळून दहा मिनिटं खळाखळा उकळायच्या, फडक्यानं गाळून साखर घालायची. बस.

त्या मे महिन्यात मी नेहमीप्रमाणं शनिवारी मनुका भिजत घातल्या. रविवारी पास्टर आलेच नाहीत. गाडी वाटेत बंद पडली, कार्यक्रम बुधवारवर गेला. मनुका स्टीलच्या डब्यात, झाकण लावून, पत्र्याच्या शेडमध्ये राहिल्या. केंद्रात एक फ्रीज होता, पण तो औषधांचा, आणि कुलूपबंद.

बुधवारी सकाळी मी झाकण काढलं. मनुका फुगून वर आल्या होत्या आणि कडेनं बारीक फेस धरला होता. वास आला. तो वास ओळखायला मला क्षणभरही लागला नाही. नव्वद दिवस जो माणूस आपल्या गावी परतलेला नाही, त्याला एसटीच्या खिडकीतून गावची वेस दिसावी तसं झालं.

मी एक चमचा चाखून पाहिला. दुसरा चमचा खात्री करून घ्यायला. तिसऱ्याला कारण नव्हतं.

डबा ओतून टाकता आला असता. चितेगावातून नव्या मनुका आणायला तास पुरला असता. मी भांडं गॅसवर ठेवलं. खळाखळा उकळलं की त्यातलं जे आहे ते उडून जातं, हे मला माहीत होतं. कडेला पहिले बुडबुडे आले आणि मी गॅस बंद केला. हे मी विसरून केलं नाही. गाळलं, साखर घातली, थंड करायला ठेवलं. जोडीदार तेव्हा बाहेर पीठ चाळत होता.

चार वाजता पास्टर आले. त्यांचा आवाज मुळातच भरदार होता. बारा जणांसाठी संस्थेनं त्यावर लाउडस्पीकर लावला होता. मागं पडदा, टेबलावर पांढरं कापड, ताटात खोकल्याच्या औषधाच्या टोपणाएवढे पेले. प्रथेप्रमाणं आधी आम्ही, शेवटी पास्टर आणि ब्रदर.

पहिल्यानं पेला तोंडाला लावला. त्याच्या पापण्या वर गेल्या आणि खाली आल्या. दुसऱ्यानं पेला रिकामा केल्यावर तळाशी पाहिलं. तिसऱ्यानं घोट गिळलाच नाही, बराच वेळ तोंडात धरून ठेवला. बारा माणसं, प्रत्येकाचा या विषयातला अनुभव वीस-वीस वर्षांचा. कुणाला कळलं नाही असं नव्हतं. कुणीही बोललं नाही. खोलीत अशी एकाग्रता मी आधी कधी पाहिली नव्हती. पास्टरांना ती भक्ती वाटली असावी, कारण त्यांचा आवाज एकदम मऊ झाला.

माझा जोडीदार माझ्या शेजारी होता. त्यानं पेला तोंडात ओतला आणि थांबला. माझ्याकडं पाहिलं. मग पेला पुन्हा ओठांशी नेला आणि तोंडातलं सगळं त्यात परत थुंकलं. आवाज न करता. पेला ताटात ठेवला, तोंड बाहीनं पुसलं.

पास्टरांनी ते पाहिलं आणि लाउडस्पीकर बंद झाला. प्रार्थना तिथंच मोडली. पास्टर आणि ब्रदर यांचे पेले तसेच राहिले. ब्रदरनी त्याला हाताला धरून ऑफिसात नेलं. ऑफिसची खिडकी स्वयंपाकघरात उघडायची. मी ताट घेऊन तिथं आलो होतो.

"तोंड उघड," ब्रदर म्हणाले. मग वाकून हुंगलं. "वास येतोय."

"पिलो नाय."

"मग वास कसला? आणि थुंकलास का?"

"राहवलं नाय तोंडात."

"मनात खोट असली की तो पेला घेववत नाही. मी भोगलंय हे. कुठं मिळाली? कोणी आणून दिली?"

त्याला सांगायला एक वाक्य पुरलं असतं. त्या वाक्यात मी होतो, आणि फळ्यावरचे आणखी दहा आकडे होते. तो आमच्यासाठी गप्प राहिला, की आपलं कुणी खरं मानणार नाही असं धरून चालला, हे मला माहीत नाही. मी खिडकीच्या अलीकडं उभा राहून उरलेले पेले एकेक करून मोरीत ओतत होतो. भांडंही घासून ठेवलं. तेवढं काम मी तत्परतेनं केलं.

थोड्या वेळानं तो पाणी प्यायला आत आला. माठातून पाणी घेतलं, चूळ भरली, मग प्यायला.

"मास्तर," तो म्हणाला, "उकळलं नव्हतं व्हय?"

"उकळलं होतं," मी म्हणालो.

त्यानं पेला पालथा घातला. "मंग ठीक हाय," म्हणाला आणि गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या नावासमोर एकशे एकाहत्तर होते, ते ब्रदरनी पुसले आणि शून्य लिहिलं. ब्रदरचे डोळे भरले होते. त्यांचा त्याच्यावर जीव होता. आम्हा बाकीच्यांचे आकडे एकानं वाढले. ज्यांनी गिळलं त्यांचे वाढले. मी चौऱ्याण्णवचा पंचाण्णव झालो.

तो फळ्यासमोर नेहमीएवढाच वेळ उभा राहिला. नाष्टा केला, पिशवी भरली. केंद्राच्या दाराला कुलूप नसायचं, हे सांगायला हवं. तिथं कुणाला कोंडून ठेवत नसत. ब्रदरनी थांब म्हणून बरीच विनवणी केली. तो म्हणाला, "अजून सहा महिने मेव्हणा नाय थांबायचा." पैठण रोडकडं चालत गेला. उन्हात त्याची पाठ बराच वेळ दिसत होती.

ती अजूनही दिसते. औरंगपुऱ्यात पुस्तकं घ्यायला गेलो की गर्दीत पुढं एक पाठ चालत असते, खांद्यावर पिशवी, मान थोडी डावीकडं. मी दोनदा मागं धावलो आहे. दोन्ही वेळा चेहरा दुसऱ्याचा निघाला, आणि एकानं मला "पागल है क्या चाचा" असं विचारलं. प्रश्न गैर नव्हता.

मी एकशे ऐंशी दिवस पुरे केले. हार घातला, पास्टर माझ्या निर्धाराबद्दल बोलले. त्यानंतर मी थेंबही घेतलेला नाही. त्याबद्दल लोक कौतुक करतात आणि मी ते ऐकून घेतो. फक्त घरात मी गॅसपाशी उभा राहिलो की हलत नाही. दूध, पाणी, वरण, जे असेल ते खळाखळा उकळेपर्यंत आणि नंतरही. बायको म्हणते, "अहो, चहा सांगितला होता, काढा नाही." तिनं एकदा पित्तावर म्हणून वाटीत मनुका भिजत घातल्या होत्या. मी चपला घालून बाहेर गेलो आणि दुपारपर्यंत आलो नाही. ती घाबरली. तिला वाटलं, गेला परत प्यायला.

मागच्या वर्षी ब्रदर मला शहरात भेटले. बोलता बोलता म्हणाले, तुमचा जोडीदार गेला. वस्तीवरून कुणीतरी फोन करून कळवलं. कशानं, ते मी विचारलं नाही. त्यानंतर वर्षभर मी काही केलं नाही. यंदा उन्हाळ्यात केंद्रात गेलो आणि सगळं सांगितलं. बोलायला काय काय तयारी करून गेलो होतो. प्रत्यक्षात दोन मिनिटांत संपलं.

ब्रदर फळ्याकडं बघून म्हणाले, "त्या दिवशी मला बाकीच्यांची तोंडं हुंगायचं सुचलं नाही."

त्यांनी कपाटातून एक कोरं प्रमाणपत्र काढलं. त्याचं नाव लिहिलं. दिवसांच्या जागी पेन अडलं. "नऊ कमी पडतात," म्हणाले. "काढले असते त्यानं," मी म्हणालो. त्यांनी एकशे ऐंशी लिहिलं, सही केली, शिक्का मारला. मला रागावले नाहीत. ते मला जड गेलं.

दौलताबादचा किल्ला डोक्यावर घेऊन बसलेल्या एका गल्लीत त्याच्या बायकोचा भाऊ राहतो. ती दारात कांदे निवडत होती. मुलगी शाळेत गेली होती. मी कोण ते सांगितलं, मग तो बुधवार सांगितला, मनुका, गॅस, मोरी, सगळं. ती कांदे निवडतच होती.

"ते आल्ते तवा इथं," ती म्हणाली. "तिकडून सुटल्यावर. इथंच उभं व्हते, तुमी बसले ना तिथं. म्हणले, मी नाय पिलो, देवाच्या पाण्यात दारू व्हती."

"मग?"

"मी म्हणलं, आता देवावर घालायला लागले. आधी दोस्तावर घालायचे, मंग मुकादमावर, आता देवावर." तिनं एक सडका कांदा बाजूला टाकला. "भाऊ आत व्हता. बाहीर आलाच नाय."

"नंतर प्यायचे?"

"नंतर लई पिले."

मी हात जोडले. "वहिनी, चूक माझी होती."

"व्हय," ती म्हणाली.

एवढंच. आतून कुणीतरी पाणी आणून दिलं, ते मी प्यायलो. मग पिशवीतून प्रमाणपत्र काढून तिच्या हातात दिलं आणि वाचून दाखवलं: अमुक यांनी एकशे ऐंशी दिवस यशस्वीपणे पूर्ण केले. तिनं हात पदराला पुसून कागद घेतला, पुढून पाहिला, मागून पाहिला. बोट शिक्क्यावर ठेवलं.

"दादा, हे निराधारच्या पगाराला चालंल का?"

मी म्हणालो, नाही चालणार, त्या सरकारी विधवा पेन्शनला मृत्यूचा दाखला लागतो. तो तिनं आधीच जोडला होता. अर्ज अडला होता रहिवासी दाखल्यावर. तो नवऱ्याच्या गावचा हवा होता, आणि ती तिथं राहत नव्हती.