कालवा निरीक्षकांचे शेवटचे आवर्तन

निरोप घेणे हे पाटबंधारे खात्याच्या अखत्यारीतले काम आहे, असे मानणारा माणूस आमच्या जिल्ह्यात एकच होऊन गेला, आणि तो देवळाली प्रवऱ्यात आमच्या घरासमोर राहत होता. कालवा निरीक्षक म्हणून त्यांनी उभी नोकरी एका नियमावर काढली. कालव्याला आवर्तन, म्हणजे पाण्याची पाळी, सुटले की पहिले पाणी चारीच्या पाटावरच्या शेवटच्या शेताला, मग क्रमाने वर येत येत सर्वांत शेवटी मुखाजवळच्या शेताला. एकदा भिजलेल्या शेताला त्या आवर्तनात पुन्हा पाणी नाही. नोकरी संपली, नियम संपला नाही. त्यांच्या घरी गेल्यावर चहा नेहमी दारापासून लांब बसलेल्याला आधी मिळे. स्वतःच्या मुलीच्या लग्नात त्यांनी वाढप्यांना पंगतीच्या शेपटाकडून सुरुवात करायला लावली. पहिल्या पानावर बसलेल्या व्याह्यांपर्यंत जिलेबी पोचली तेव्हा ताटात पाक उरला होता. व्याही उठू लागले तेव्हा हे शांतपणे म्हणाले, "मुखाशी बसणाऱ्याला कधी कमी पडत नसतं, असा अनुभव आहे." त्या दिवशी तो अनुभव खोटा ठरला, हे त्यांनी मान्य केले नाही.

ती एकुलती एक मुलगी पुढे नवऱ्याबरोबर अमेरिकेत गेली. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर एका सकाळी तिचा फोन आला. गल्लीत फोन आमच्याकडेच होता, त्यामुळे बातमी मला आधी कळली. तिला दिवस गेले होते, आणि आई-वडील दोघांनी आता कायमचे तिकडे यावे असा तिचा आग्रह होता. काकूंनी संध्याकाळपर्यंत दोन बॅगा भरल्या. काकूंचे माहेर जवळच्या बेलापूरचे. निर्णय आणि बोलणे दोन्ही रोखठोक. काकांनी मात्र सगळे क्रमाने केले. आधी त्यांनी घर सामानासकट, ताबा आपण गेल्यावर या बोलीवर, एका शिक्षकाला विकले, पासपोर्ट केले, तिकिटे आणली, आणि निघायला दहा दिवस उरले तेव्हा दारावर सुवाच्य अक्षरात एक कागद चिकटवला. त्यावर मथळा होता : 'निरोपाचे आवर्तन'. खाली घराच्या पाच भागांची नावे आणि प्रत्येकापुढे दोन दोन दिवस. क्रम अर्थातच मागून पुढे. परसातले न्हाणीघर, स्वयंपाकघर, मधली खोली, बाहेरची खोली आणि शेवटी रस्त्यालगतचा ओटा.

पद्धत अशी होती. ज्या भागाचे आवर्तन चालू असेल तिथे ते खुर्ची टाकून बसत. मांडीवर वही. भिंती, कोनाडे, खुंट्या यांच्याकडे एकेक करून पाहत आणि आठवेल ते लिहीत. दोन दिवस संपले की कुलूप, त्यावर लाखेचे सील. मग तिथे कोणालाही प्रवेश नाही. न्हाणीघरात ते दोन दिवस बसले तेव्हा काकूंनी परसातून विचारले, "अवो, तिथं बसून काय आठवतंय तुमाला?"

"नळाला पहिल्यांदा पाणी आलं तो दिवस."

"आन् बंब कोन पेटवायचं रोज, ते आठवलं का न्हाई?"

त्याची नोंद झाली की नाही, मला माहीत नाही. तिसऱ्या दिवसापासून दोघे अंघोळीला आमच्याकडे येऊ लागले.

पुढच्या दोन दिवसांत काकू भावाचा निरोप घ्यायला बेलापूरला गेल्या होत्या. परत आल्या तेव्हा स्वयंपाकघराला सील लागलेले होते. त्या काकांना काहीतरी सांगायला गेल्या आणि मग आमच्याकडून वातीचा स्टोव्ह मागून घेऊन गेल्या. पहिले दोन दिवस त्यांनी मधल्या खोलीत पिठले केले, नंतर बाहेरच्या खोलीत, आणि ती खोलीही बंद झाल्यावर ओट्यावर. दोघे ओट्यावरच जेवत, ओट्यावरच झोपत. येणारेजाणारे थांबून विचारत, "काका, घरात कोन गेलं का काय?" काका सांगत, "कोणी नाही. शेपटाकडची कामं पूर्ण झाली, आता मुखाशी आलोय."

निघायच्या दिवशी सकाळी मुंबईला नेणारी जीप दाराशी लागली. बॅगा चढल्या. ओट्याची वही मिटून काकांनी पासपोर्ट आणि तिकिटे मागितली.

"डाळीच्या डब्यात हाईत," काकू म्हणाल्या.

"कुठल्या डाळीच्या?"

"तुरीच्या. सैपाकघरात."

काकूंनी पुढचे सांगितले ते माझ्याकडे पाहून. "बेलापूरवरनं आले त्याच दिवशी मी सांगितलं, आत कागदं राहिली. तर हे म्हनले, आवर्तन चालू असताना मधे बोलू नको. म्हनलं बरं, न्हाई बोलत."

मी सील तोडण्याचा मार्ग सुचवला. काका म्हणाले, भिजलेल्या रानाला पुन्हा पाणी द्यायचे तर अर्ज लागतो. जीपवाल्याने हे ऐकून कपाळाला हात लावला. "काका, इमान तुमच्या अर्जाला थांबनार हाय व्हय? मुंबई लई लांब हाय!" काकूंनी मात्र वाद घातला नाही. माझ्याकडून कागद घेतला आणि बॅगेवर ठेवून अर्ज लिहिला. पाण्याच्या मागणी अर्जात असतात तसे रकाने पाडले. पीक : पासपोर्ट. क्षेत्र : एक डबा. मागणीचे कारण : लेक बाळंत होणार आहे. काकांनी तो दोनदा वाचला, 'मंजूर' लिहून सही केली, मला पंच केले, आणि आम्ही तिघे एकामागून एक सील फोडत आत गेलो.

स्वयंपाकघरात काकांनी डबा उतरवला, डाळीत हात घालून कागद काढले, झटकले, मोजून खिशात ठेवले. काम दोन मिनिटांत झाले. ते कुलूप घेऊन दाराशी आले तरी काकू आतच होत्या. त्यांनी स्वयंपाकाच्या कट्ट्याच्या कडप्प्यावर हात ठेवला होता, जिथे पोळपाट ठेवून ठेवून दगड गुळगुळीत झाला होता तिथे.

"चला," काका म्हणाले.

"तुमी दोन दिवस बसलात इथं," काकू म्हणाल्या. "खुर्ची टाकून. मी अठ्ठावीस वर्सं उभी हुते. मला कुनी इचारलं?"

काकांनी वही उघडली. स्वयंपाकघराची पाने मी बाजूने पाहिली. खिडकी, तिच्यातून दिसणारा पेरू, ओल आलेली भिंत, मांजरीने सांडलेले दूध. सगळे तपशील अचूक होते. काकूंचे नाव कुठेही नव्हते. काकांनीही ते शोधले असावे, कारण पाने उलटताना त्यांचे बोट ओळींवरून खाली खाली सरकत होते. मग त्यांनी वही मिटली, कुलूप खिशात घातले, काकूंसाठी ओट्यावरची खुर्ची आणून आत सरकवली आणि दार बाहेरून हलकेच ओढून घेतले. कडी लावली नाही.

रस्त्यावर जीपवाला हॉर्न वाजवत होता. काका ओट्यावर गेले आणि त्याला म्हणाले, "इंजिन बंद कर."

"किती येळ, काका?"

"ते तिला माहीत," काका म्हणाले, आणि पायरीवर बसले. आतून डब्यांची झाकणे एकेक करून उघडल्याचा आणि लावल्याचा आवाज येत होता.