सकाळी सहा ते सात

बाळांनो, हे सावकाश वाचा. तुमची मराठी वाचायची गती मला माहीत आहे, म्हणून अक्षर मोठं काढलं आहे. लिहायचं कारण म्हणजे थोरल्याचा मागच्या रविवारचा फोन. थोरल्या, तुझ्या शाळेत वादविवाद आहे आणि विषय असा, की धंदेवाईक खेळाडू ताकदीची औषधं घेतात, त्यात सरकारनं पडावं की नाही. तू म्हणालास, "आजी, तू कॉलेजात इंग्रजी शिकवायचीस ना, मला पॉइंट्स दे." मी वही उघडून पंधरा मिनिटांत पाच मुद्दे सांगितले, सगळे सरकारच्या बाजूचे. औषधांनी खेळाडूच्या जिवाला अपाय होतो, प्रामाणिक माणूस मागे पडतो, लहान मुलं तेच शिकतात, संघटना आपल्या माणसांना पाठीशी घालतात, आणि कायदा नसेल तर कोणी कोणाला विचारत नाही. तू खूश झालास. फोन ठेवल्यावर मी तिथेच बसून राहिले. पाचांतला एकही मुद्दा खोटा नव्हता, आणि तरी मी तुला खरं सांगितलं नव्हतं. तुझा वादविवाद व्हायच्या आत ते सांगायला हवं.

वरच्या खोलीतली ताई तुम्हाला आठवत असेल. मागच्या वेळी तुम्ही आलात तेव्हा धाकटीशी तिनं गल्लीच्या टोकापर्यंत शर्यत लावली होती आणि मुद्दाम हरली होती. ती पाच हजार आणि दहा हजार मीटर धावायची. तिचे वडील बुटीबोरीच्या एका कापड कारखान्यात पाळीवर जातात. घर तिकडेच, मैदान शहरात, म्हणून ती माझ्याकडे राहायला आली.

आल्यावर आठवड्याभरात ती एक डबा घेऊन खाली आली.

"आजी, हे जरा वाचून द्या ना. मैदानावर एक जण देऊन राहिला. म्हणते, फक्त प्रोटीन हाये."

"मग माझ्याकडे काहून आणलं वं?"

"फक्त प्रोटीन असतं तं तो फुकट काहून देऊन राहिला?"

मी भिंग घेऊन डब्यावरचं बारीक इंग्रजी वाचलं. बंदी असलेल्या औषधांची यादी तिच्याच फोनवर होती, तिच्याशी एकेक नाव ताडून पाहिलं. सातवं की आठवं नाव यादीत सापडलं. दुसऱ्या दिवशी तिनं डबा परत केला. तो माणूस हसून म्हणाला म्हणे, "घे वं, बाकीच्या काही वेड्या नाहीत." मैदानाच्या फाटकाशी, रसाच्या गाडीजवळ तो काळी बॅग घेऊन उभा असायचा. सगळ्यांना तो माहीत होता. पुढे मी स्वतः त्याला तिथे पाहिलं.

त्याच वर्षी राष्ट्रीय स्पर्धेत ती तिसरी आली आणि तिचं नाव एका यादीत गेलं. या यादीतल्या खेळाडूला पुढच्या तीन महिन्यांतल्या प्रत्येक दिवसाचा एक तास आधी कळवावा लागतो, की या तासात मी या ठिकाणी असेन. तपासणारे न सांगता येतात आणि लघवीचा नमुना घेतात. त्या तासात खेळाडू तिथे नसला तर एक चूक लागते. बारा महिन्यांत तीन चुका झाल्या, की औषध घेतल्यासारखीच बंदी येते. तिनं तास दिला होता सकाळी सहा ते सात.

मला हा नियम आवडला, हे लपवत नाही. माझ्या वडिलांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हा मी लहान होते. ते नेहमी म्हणायचे, नियम कागदावर लिहिलेला असला की आपल्याला कोणापुढे हात जोडावे लागत नाहीत. त्याच भरवशावर त्यांनी मला इंग्रजी शाळेत घातलं. सरकार म्हटलं की तुमच्या वयाची मुलं तोंड वाकडं करतात. आमच्या घरात तसं नव्हतं.

पहिली चूक तिची होती. सरावाची वेळ बदलली आणि ती कळवायला विसरली. दुसऱ्या वेळी वीज गेलेली होती, घंटी वाजलीच नाही, आणि ती वर झोपलेली राहिली. ते लोक खालून हाका मारून निघून गेले. मी तेव्हा तुमच्या आत्याकडे पुण्याला होते. परत आल्यावर बॅटरीवर चालणारी घंटी बसवून घेतली आणि तिला समोर बसवलं. म्हटलं, आजपासून हे तास नि ठिकाण कळवायचं काम माझ्याकडे, तू फोनला हात लावू नकोस. पासवर्ड मी माझ्या वहीत लिहून घेतला.

माझी पद्धत तुम्हाला ठाऊक आहे. आधी पेन्सिलीनं वहीत कच्चं, मग तपासून पक्कं, पूर्वी शाईनं, आता संगणकावर. चाळीस वर्षं मी निकालपत्रकं अशीच केली आणि एकदाही खाडाखोड करावी लागली नाही. तिला या वहीचं हसू यायचं.

"आजी, तुमची वही म्हणजे तहसील ऑफिस हाये. उद्या मी लग्न केलं तं नवऱ्याले बी इथंच येऊन विचारा लागन, माही बायको कुठं हाये म्हणून."

"विचारू दे. अर्ज करायला सांगीन."

नियमांचं सगळं पुस्तक मी तिला मराठीत सांगितलं होतं. त्यात एक वाक्य होतं, की माहिती भरायचं काम दुसऱ्याला दिलं तरी जबाबदारी खेळाडूचीच राहते. ते मी तिला दोनदा सांगितलं. ती म्हणाली, "तुम्ही हाये तं मले काय टेन्शन."

त्या हिवाळ्यात एका सरकारी खात्यात खेळाडूंच्या राखीव जागेवर तिची निवड झाली. कागदपत्रं तपासून झाली की ती रुजू होणार होती. त्यांच्या घरातली ही पहिली सरकारी नोकरी. तिचे वडील पेढे घेऊन आले आणि दारातच उभे राहून म्हणाले, "मॅडम, आता मले रात्रपाळी सोडता येईन."

मग एका शुक्रवारी दुपारी तिचा बसस्टँडवरून फोन आला. पारशिवनीच्या पुढे, जंगलाच्या कडेला तिच्या मामाचं गाव आहे. तिथे तिची म्हातारी आजी शेवटच्या घटका मोजत होती.

"दोन दिवस तिकडंच राहीन. तिथं फोन लागत नाही, म्हणून आत्ताच सांगून राहिली."

"जा तू. मी लिहून घेतलं," मी म्हटलं. आणि खरंच लिहून घेतलं. शनिवार, रविवार, मामाचं गाव, मामाचं नाव, देवळाशेजारचं घर. पेन्सिलीनं, वहीत.

त्या संध्याकाळी संगणकावर ते का चढलं नाही, याचं कारण मी पुष्कळ शोधलं. पाहुणे आले नव्हते. वीज होती, इंटरनेट होतं, माझी तब्येत ठणठणीत होती. मी भाजी निवडली, बातम्या ऐकल्या आणि झोपले. वहीत लिहिलं की काम झाल्यासारखं वाटतं, एवढंच. ज्या सवयीचा मला अभिमान होता, तिनंच मला गाफील ठेवलं.

शनिवारी सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी घंटी वाजली. एक मध्यमवयीन अधिकारी आणि त्यांच्याबरोबर एक तरुण बाई. त्यांनी ओळखपत्रं दाखवली आणि तिचं नाव घेतलं. ती कुठे आहे ते मी सांगितलं. गाडी करून देते, तिथे जाऊन नमुना घ्या, असंही म्हटलं. ते म्हणाले, आम्हाला हाच पत्ता आहे, आम्ही सातपर्यंत थांबू. चहा त्यांनी नाकारला, पाणी घेतलं. ती बाई जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसली.

मी वही आणून त्यांच्यापुढे उघडी धरली. त्यांनी चष्मा लावून सगळं वाचलं, देवळाशेजारच्या घरापर्यंत.

"मॅडम, मी वाचलं," ते म्हणाले. "पण मी वाचून उपयोग नाही. हे काल रात्री सिस्टीममध्ये दिसायला पाहिजे होतं."

सातला पाच मिनिटं असताना त्यांनी तिला फोन लावला. लागला नाही. सात वाजता त्यांनी बारा महिन्यांतल्या तिसऱ्या चुकीचा फॉर्म भरला आणि जाताना मला नमस्कार केला. माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर मला सोपं गेलं असतं.

तिची आजी त्याच दुपारी वारली. ती परत आली तेव्हा मी तिला बसवून सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "जेवल्या का तुम्ही?"

चौकशी माझ्याच जेवणाच्या टेबलावर झाली, संगणकावर. पडद्यावर तिघं जण होते. तिनं इस्त्रीचा सलवार-कुडता घातला होता आणि केस घट्ट बांधले होते. त्यांनी विचारलं, तुम्ही स्वतः माहिती का भरली नाही? पासवर्ड आजींनी स्वतःकडे घेतला होता, फोनला हात लावू नको म्हणाल्या होत्या, असं तिला सांगता आलं असतं, आणि ते खरंच होतं. तिनं शुद्ध मराठीत, पाठ केल्यासारखं सांगितलं, "चूक माझीच आहे, सर."

मी मध्येच बोलले. बोलायची परवानगी मागितली आणि लिहून आणलेलं पत्र वाचलं. चांगलं इंग्रजी होतं. शेवटच्या परिच्छेदात मी दया दाखवण्याची विनंती केली होती, आणि ती वाचताना मला वडिलांचं वाक्य आठवलं. पडद्यावरच्या बाईंनी शांतपणे तेच वाक्य वाचून दाखवलं, जे मी तिला मराठीत दोनदा सांगितलं होतं. तिच्या आजवरच्या सगळ्या तपासण्या स्वच्छ होत्या, याची त्यांनी नोंद घेतली. दोन वर्षांऐवजी दीड वर्षाची बंदी दिली. नोकरीची निवड रद्द झाल्याचं पत्र महिन्याभरात आलं.

पेपरात तिचं नाव आलं ते उत्तेजकांच्या मथळ्याखाली. खालचा मजकूर कोण वाचतो? किराणा दुकानात एक शेजारीण माझ्यादेखत तिला म्हणाली, "काहून वं, कोणतं इंजेक्शन घेत होती? आमच्या पोरीले बी सांग, दहावीत कामी पडन." दुकानात दोघंतिघं हसली. तिनं साखरेची पिशवी उचलली आणि ती चालत घरी आली. धावली नाही. त्यानंतर दोन महिने ती मुळीच धावली नाही.

तिचे वडील आले तेव्हा मी त्यांच्यासमोर उभी राहिले. ते ओरडतील अशी माझी तयारी होती. ते खुर्चीच्या कडेवर बसले आणि म्हणाले, "मॅडम, पोरीनं औषध घेतलं असतं तं मले समजलं असतं, शिक्षा काहून झाली. घेतलं नाही तं काहून झाली, ते तुम्ही मले समजून सांगा. तुम्ही शिकलेल्या हाये." मी नियम समजावून सांगितला. त्यांनी मान हलवली. रात्रपाळी त्यांना अजून आहे.

तर थोरल्या, आता तुझा विषय. तू सरकारच्या बाजूनंच बोल, मी अजून त्याच बाजूची आहे. नियम नसता तर तो डबा परत करायला तिला काही आधारच नसता. पण माझ्या पाच मुद्द्यांत एक गोष्ट नव्हती. सरकार आलं ते पहाटे आमच्या दारात आलं, घड्याळ लावून, एका मुलीसाठी. रसाच्या गाडीजवळच्या माणसाकडे ते आलं नाही. मैदानावर डॉक्टर नाही, डब्यावरचं इंग्रजी वाचून दाखवणारं कोणी नाही, म्हणून एक निवृत्त प्राध्यापिका भिंग घेऊन बसली आणि तिच्याकडून चूक झाली. सरकारनं यायचं तर पूर्ण यावं. तुझ्या परीक्षकांना हा मुद्दा पटेल की नाही, मला सांगता येत नाही. उत्तेजकं घेतलेली एखादी मुलगी तिच्यापुढे धावून पदक घेऊन गेली असेल का, तेही मला माहीत नाही. असेल.

बंदी संपायला पाच महिने आहेत. पण त्या नोकरीची वयोमर्यादा तोपर्यंत उलटून जाईल, हे मी तपासलं आहे, आणि तिनंही. सध्या ती बेसाच्या एका शाळेत कार्यालयात कारकुनी करते. बंदीतही दर दिवसाचा तास कळवावाच लागतो. दर रविवारी ती माझ्या टेबलाशी बसून स्वतःच्या फोनवर तो भरते आणि मोठ्यानं वाचते. मी ऐकते, हात लावत नाही. पासवर्ड तिनं बदलला आहे. मी तो विचारलेला नाही. गेल्या महिन्यात ते लोक पुन्हा आले होते. ती होती.

वही कपाटात आहे. घंटी चालू आहे. ती अजून वरच्या खोलीत राहते, सकाळी सहा ते सात घरी असते, आणि सात वाजले की बूट बांधून बेसा रोडवर धावायला जाते.